दोन खाती, एक अल्टरनेटर

इंग्लंडमधील कालव्यांवर चालणाऱ्या नॅरोबोटीची रुंदी सहा फूट दहा इंच, म्हणजे दोन मीटरहून किंचित अधिक असते. लांबी मात्र सत्तर फुटांपर्यंत जाते. हे प्रमाण अठराव्या शतकातील व्यापाराने ठरवून दिले. ट्रेंट आणि मर्सी या दोन नद्यांना जोडणारा कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला. बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेण्यासाठी अभियंता जेम्स ब्रिंडली याने तेथे जे लॉक योजले, त्यांतील बहुतेक सुमारे सात फूट रुंदीचे होते आणि पुढे मध्य इंग्लंडमधील अनेक कालव्यांनी तेच माप उचलले. या कालव्यामागे जोसाया वेजवुड हा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखानदार हिरिरीने उभा होता. घोड्याखेचरांच्या पाठीवरून जाणारी त्याची भांडी रस्त्यात फुटत, पाण्यावरून जाणारी फुटत नसत. मालाच्या वाहतुकीत होणारी तूट हा विषय आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

१९४८ मध्ये कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९६२-६३ च्या भीषण हिवाळ्यात कालवे गोठल्यानंतर नॅरोबोटींची मालवाहतूक जवळजवळ संपुष्टात आली. आज इंग्लंड व वेल्समधील सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था २०१२ पासून सांभाळते. त्यांवर पर्यटक हिंडतात, तशीच कायमची वस्ती करणारी कुटुंबेही राहतात. ज्यांची मुले लेस्टरला स्थायिक आहेत आणि जे तेथील जैन मंदिराच्या दर्शनाला जाऊन आले आहेत, त्यांनी शहरातून वाहणाऱ्या सोर नदीच्या काठाशी बांधलेल्या अशा रंगीत बोटी पाहिल्या असतील. माझी भाची आणि भाचेजावई गेली पाच वर्षे अशाच एका सत्तावन्न फुटी बोटीवर राहतात. त्यांनी एका ठिकाणची कायमची जागा घेतलेली नाही; त्यामुळे कायद्याप्रमाणे कोणत्याही ठिकाणी साधारणतः चौदा दिवसांहून अधिक काळ त्यांना थांबता येत नाही.

ज्या घराचा पत्ता पंधरवड्याला बदलतो त्या घराला विजेचे मीटर कोठून असणार? उन्हाळ्यात छतावरील सौर तावदाने बराच भार उचलतात. डिसेंबर-जानेवारीत मात्र जेमतेम आठ तासांचा मलूल उजेड असतो आणि तावदानांची मिळकत नावापुरती उरते. मग सर्व भार येतो तो बोटीच्या डिझेल इंजिनावर पट्ट्याने फिरणाऱ्या अल्टरनेटरवर. आपल्या मोटारीत असतो तोच हा यंत्रभाग. मोटारीत तो एकाच बॅटरीची चाकरी करतो, बोटीत त्याला दोन स्वतंत्र खाती सांभाळावी लागतात.

पहिले खाते स्टार्टरच्या बॅटरीचे. इंजिन सुरू करताना ती दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअरचा प्रवाह देते आणि गप्प बसते. तीनशे अँपिअर तीन सेकंद घेतले तरी हिशोब पाव अँपिअर-तास इतकाच होतो. एक अँपिअरचा प्रवाह एक तास वाहिला की एक अँपिअर-तास, हे बॅटरीच्या व्यवहाराचे नाणे. दुसरे खाते घरखर्चाच्या बॅटऱ्यांचे. फ्रीज, दिवे, पाण्याचा पंप, संगणक या सर्वांसाठी त्या दिवसभर थोडे थोडे देत राहतात. या दोहोंच्या घडणीतही भेद आहे. स्टार्टरच्या बॅटरीत पातळ पट्ट्यांची संख्या अधिक, त्यामुळे क्षणात मोठी रक्कम मोजून देण्याची ताकद. घरच्या बॅटरीत जाड पट्ट्या, त्यामुळे दररोज खाली जाऊन पुन्हा भरले जाण्याची सोशिकता. एकीचे काम दुसरीकडून करवून घेऊ नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरखर्चाने पहिल्या खात्याला कधीही स्पर्श करता कामा नये. ओसाड माळावर, जवळच्या रस्त्यापासून दोन मैलांवर, रात्री फ्रीजने दोन्ही बॅटऱ्या रित्या केल्या तर सकाळी इंजिन सुरू होणार नाही. इंजिन नाही तर अल्टरनेटर नाही आणि अल्टरनेटर नाही तर बॅटरी भरण्याचा मार्गच नाही. व्यापारात खेळते भांडवल गोठले की जी कोंडी होते, तीच ही.

भाचीच्या बोटीवर हा पहिला नियम पाळला गेला होता. इंजिन दर सकाळी विनातक्रार सुरू होई. घरच्या बॅटऱ्या मात्र दुसऱ्याच हिवाळ्यात निकामी झाल्या. चार नव्या घेतल्या, चारशेहून अधिक पौंड खर्च झाले. त्याही दीड वर्षात गेल्या. "मामा, बॅटऱ्याच हल्ली वाईट येतात," असे तिचे मत झाले होते. ज्या कारागिराने बोट पाहिली त्याने अल्टरनेटर बदलण्याचा सल्ला दिला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. तथापि छत्तीस वर्षे बँकेत ताळमेळाची पत्रके तपासल्यामुळे एक सवय जडलेली आहे. दोन पुस्तकांतील शिल्लक जुळत नसेल तर दोहोंपैकी एखाद्या पुस्तकाला दोष देण्याआधी मधली प्रत्येक नोंद पाहावी. गेल्या उन्हाळ्यात तीन आठवडे त्यांच्याकडे राहण्याचा योग आला आणि जावयांनी व मी मिळून तेच केले.

प्रथम खर्चाची बाजू. फ्रीज चालू असताना चार अँपिअर घेतो आणि दिवसातील साधारण निम्मा वेळ चालतो, म्हणजे अठ्ठेचाळीस अँपिअर-तास. संगणकावरचे काम पाच अँपिअरप्रमाणे पाच तास, पंचवीस. इंटरनेटचे यंत्र अर्धा अँपिअर, पण चोवीस तास, म्हणून बारा. दिवे दहा. पंप वगैरे मिळून पाच. एकूण बरोबर शंभर. इंटरनेटच्या त्या इवल्याशा यंत्राने सर्व दिव्यांहून अधिक खर्च करावा, याचे मला नवल वाटले. पण किरकोळ वाटणारा अखंड खर्च हा नेहमीच असा असतो.

चार बॅटऱ्यांची क्षमता प्रत्येकी एकशे दहा, म्हणजे एकूण चारशे चाळीस. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक काढू नये असा संकेत आहे, कारण जितके खोल जावे तितके तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे वापरण्याजोगे दोनशे वीस. शंभराच्या खर्चाला ही तरतूद उत्तम होती. बॅटऱ्या अपुऱ्या नव्हत्या आणि कुटुंब उधळेही नव्हते.

मग जमेची बाजू. इंजिन तेराशे फेऱ्यांवर चालू ठेवून आम्ही साध्या मापकाने व्होल्ट मोजले. अल्टरनेटरच्या मागील खिळ्यावर १४.३ व्होल्ट, अगदी हवे तेवढे. कारागिराने बदलायला सांगितलेला अल्टरनेटर निर्दोष होता. त्याच क्षणी घरच्या बॅटरीच्या दोन टोकांमध्ये १३.२५ व्होल्ट. एक व्होल्टहून अधिक रक्कम वाटेत गहाळ! प्रवाह त्या वेळी चाळीस अँपिअर होता.

ही तफावत शोधण्याची रीत सुरेख आहे. मापकाचे एक टोक अल्टरनेटरच्या धन खिळ्यावर आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकावर ठेवले की मधल्या वाटेवर जे हरवते तेवढेच मापकावर दिसते. मग टोक एकेका जोडावर सरकवत न्यावे. आमच्या हिशोबात ०.७ व्होल्ट एकाच ठिकाणी सापडले, धन बाजूच्या तारेत व जोडांत ०.२, आणि परतीच्या ऋण तारेत ०.१५. ऋण बाजू मोजायला बहुतेक जण विसरतात. जाणारा पैसा सर्वांना दिसतो, परतीच्या वाटेवरचा खर्च कोणी पाहत नाही.

ते ०.७ व्होल्ट ज्या पेटीत हरवत होते तिला स्प्लिट चार्ज डायोड म्हणतात. अल्टरनेटर एक आणि खाती दोन, तेव्हा वीज दोन्हीकडे जावी पण एका बॅटरीतून दुसरीत जाऊ नये, यासाठी जुन्या बोटींत ही योजना सर्रास असे. डायोड म्हणजे एकाच दिशेने उघडणारे दार. ते दार आपले काम चोख करते. मात्र दर वेळी अर्ध्या-पाऊण व्होल्टचा टोल घेते. अल्टरनेटरमधील नियंत्रक स्वतःच्या दाराशी १४.३ व्होल्ट पाहतो आणि समाधानाने हात आखडता घेतो. पुढे काय पोहोचले याची त्याला वार्ता नसते. काही अल्टरनेटरांना बॅटरीपर्यंत जाणारी एक बारीक जाणीव-तार जोडता येते, त्यामुळे नियंत्रक बॅटरीवरचा आकडा पाहून स्वतःचा आकडा वाढवतो. या अल्टरनेटरला ती सोय नव्हती.

यावर वाचक विचारतील, एका व्होल्टने असे काय बिघडते? बॅटरी भरते ती एकसारख्या गतीने नाही. सुरुवातीला ती भरभरून घेते. साधारण ऐंशी टक्क्यांच्या पुढे तिची घेण्याची क्षमता उतरू लागते आणि शेवटची वीस टक्के आत जायला कित्येक तास लागतात. या शेवटच्या टप्प्यात १४.४ च्या आसपासचा दाब टिकून राहणे अगत्याचे असते. भरत आल्यावर प्रवाह कमी होतो, त्यामुळे तारेतील नुकसान जवळजवळ नाहीसे होते. डायोडचा टोल मात्र बराचसा तसाच राहतो. त्यामुळे भाचीच्या बॅटऱ्या चार-चार तास इंजिन चालवूनही १३.७ च्या वर चढत नव्हत्या. त्या रोज नव्वद टक्क्यांच्या आतच कोठेतरी थांबत. न भरलेल्या भागात पट्ट्यांवर साचलेले शिशाचे सल्फेट कडक खडे धरते आणि मग ते परत विरघळत नाही. आज दोन टक्के, पुढच्या आठवड्यात आणखी दोन. मुद्दलाचा हप्ता दर महिन्याला थोडा कमी भरला जावा आणि कर्जदाराला वाटावे की आपण नियमित आहोत, असे हे थकीत खाते. शिवाय बोट हिवाळ्यात उभी असताना रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन चालवू नये असा तेथे नियम आहे, शेजाऱ्यांच्या झोपेसाठी. त्यामुळे तास वाढवण्यालाही मर्यादा.

बॅटरी भरली हे ओळखायचे कसे? इंजिन बंद करताच मापक १३ च्या वर दाखवते, त्यावर विसंबू नये. तो वरवरचा फुगवटा असतो. काही तास काही न काढता ठेवल्यावर १२.७ दिसले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. याहून खात्रीची खूण म्हणजे १४.४ च्या दाबाखाली आत जाणारा प्रवाह क्षमतेच्या एक-दोन टक्क्यांवर उतरणे. चारशे चाळीसच्या संचाला हा आकडा चार ते नऊ अँपिअर येतो. तोवर इंजिन बंद करू नये, निदान आठवड्यातून एकदा तरी.

आता तारेविषयी, कारण विषयाचा गाभा तेथेच आहे. बारा व्होल्टच्या व्यवहारात प्रवाह फार मोठे असतात. घरातील दोनशे तीस व्होल्टच्या जोडणीत जे काम पाच-सहा अँपिअरमध्ये होते, त्याला येथे शंभर लागतात. सोळा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार दिसायला चांगली जाडजूड. पण अल्टरनेटर ते बॅटरी चार मीटर जाणे आणि चार मीटर येणे धरले तर शंभर अँपिअरला तिच्यात ०.८८ व्होल्ट हरवतात आणि अठ्ठ्याऐंशी वॉटची उष्णता तारेतच निर्माण होते. सत्तर चौरस मिलिमीटरची तार घातली तर हेच नुकसान ०.२ व्होल्ट आणि वीस वॉटवर येते. जाड तांब्याची किंमत एकदा द्यावी लागते. बारीक तारेची किंमत दर थंडीत नव्या बॅटऱ्यांच्या रूपाने द्यावी लागते. "तार गरम होत नाही ना, मग पुरे," हा युक्तिवाद मी तेथे दोघांकडून ऐकला. गरम न होणे ही सुरक्षिततेची कसोटी झाली; दाब पोहोचणे ही वेगळी कसोटी आहे.

बदल असा केला. डायोडची पेटी काढून टाकली. अल्टरनेटरची मुख्य तार, सत्तर चौरस मिलिमीटरची, थेट घरच्या बॅटऱ्यांकडे नेली, कारण खरी गरज त्यांचीच; स्टार्टरच्या बॅटरीला पाव अँपिअर-तास परत मिळाले की ती तृप्त असते. दोन्ही खात्यांच्या मध्ये व्होल्टेज पाहून चालणारा रिले बसवला. इंजिन सुरू होऊन दाब साधारण १३.३ वर गेला की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि इंजिन बंद होऊन दाब १२.८ च्या आसपास उतरला की त्या वेगळ्या करतो. हे दार उघडे असताना टोल घेत नाही. परतीची ऋण तारही तितकीच जाड केली आणि ती अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीपर्यंत नेली; बोटीच्या पोलादी तळाला वाहक म्हणून राबवू नये, अन्यथा पोलाद गंजण्याचा धोका. नव्या बोटींत पुष्कळदा इंजिनावर दोन अल्टरनेटर असतात, एक लहान स्टार्टरसाठी आणि एक मोठा घरासाठी. तेथे दोन खाती मुळातच वेगळी, आणि ती तशीच राहू द्यावीत.

चार बॅटऱ्या एकमेकींना जोडण्यातही एक खोच आहे. मुख्य धन तार पहिल्या बॅटरीवरून आणि ऋण तारही पहिल्याच बॅटरीवरून घेतली तर पहिली बॅटरी सर्वांत जास्त राबते आणि चौथी आळसावते. धन तार एका टोकाच्या बॅटरीवरून, ऋण तार दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून घेतली की वाटणी बरीच समान होते. यासाठी एक पैसाही अधिक लागत नाही. बॅटरीतून घराकडे निघणाऱ्या मुख्य तारेवर फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवा. तार कापली गेली तर संरक्षण तारेलाच हवे असते. बॅटऱ्या भरताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून त्यांच्या खणाला वारा लागलाच पाहिजे, आणि त्या हलणार नाहीत अशा जखडलेल्या हव्यात. तेथे दर चार वर्षांनी बोटीची सुरक्षा तपासणी होते, तीत या गोष्टी बारकाईने पाहतात.

आणखी दोन सूचना, बोट भाड्याने घेऊन सुट्टीला जाणाऱ्यांनाही उपयोगी पडतील. इंजिन चालू असताना बॅटरीची मुख्य कळ बंद करू नये. अल्टरनेटर भरात असताना बॅटरी अकस्मात तुटली तर दाब क्षणार्धात उसळतो आणि त्याच्या आतील डायोड जळतात. दुसरे, इंजिनाच्या फलकावरील तो लहान लाल दिवा. अनेक अल्टरनेटरांना सुरुवातीची चेतना या दोन वॉटच्या दिव्यातून जाणाऱ्या प्रवाहानेच मिळते. चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही तर "सर्व ठीक दिसते" असे समजू नये. दिवा गेलेला असला तर अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा इंजिन बरेच पळवल्यावर होतो.

बदलानंतर तशाच प्रवाहाला बॅटरीवर १४.२ व्होल्ट दिसले. अल्टरनेटर जुनाच आहे. तारा, रिले आणि जोडांसाठी जो खर्च आला तो बॅटऱ्यांच्या एका संचापेक्षा कमी होता. नव्या संचाचा पहिला हिवाळा सध्या चालू आहे आणि भाची दर रविवारी सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वीचा आकडा मला पाठवते. आतापर्यंत तो १२.४ च्या खाली गेलेला नाही. आपल्याकडे इन्व्हर्टरची बॅटरी वारंवार जाते असे ज्यांना वाटते त्यांनीही एकदा मापक घेऊन चार्जिंग चालू असताना इन्व्हर्टरच्या टोकांवर आणि मग बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजून पाहावेत.

राहिला प्रश्न लिथियमचा. जावयांचा ओढा तिकडे आहे आणि कारणे भक्कम आहेत. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटऱ्या अर्धवट भरलेल्या ठेवल्या तरी रुसत नाहीत आणि जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण प्रवाह घेतात. अडचण नेमकी त्यातूनच उद्भवते. शिसे-आम्लाची बॅटरी भरत आली की हात आखडते, त्यामुळे अल्टरनेटरला उसंत मिळते. लिथियम ती देत नाही. इंजिन मंद फिरत असेल तर अल्टरनेटरचा स्वतःचा पंखाही मंद फिरतो आणि तो तापून जळू शकतो. शिवाय या बॅटरीतील रक्षक-मंडल धोका दिसताच ती तोडते, म्हणजे वर सांगितलेला दाबाचा उसळा. म्हणून अल्टरनेटर शिसे-आम्लाच्या बॅटरीला जोडलेला ठेवून, तेथून तीस-चाळीस अँपिअरच्या मर्यादेचे एक मधले चार्जर लावून लिथियम भरावी, ही रीत मला सावध वाटते. जावयांना शंभर अँपिअर थेट हवे आहेत. आमचे यावर एकमत झालेले नाही. आणि आणखी एक अट आहे. शून्य अंशाखाली या बॅटऱ्या भरता येत नाहीत, आणि त्यांच्या बॅटऱ्यांचा खण बोटीच्या मागील टोकाला, न तापणाऱ्या इंजिनघरात आहे. पलंगाखाली जागा आहे, पण तेथे नेल्यास तारेची लांबी चार मीटरची नऊ मीटर होते. भाचीने दोन्ही ठिकाणी तापमापक ठेवले आहेत. जानेवारीचे आकडे हाती आले की तारेचा हिशोब पुन्हा मांडू.